‘ईसीएम गेलाय’ म्हणण्याआधी

गाडी सेल्फ घेते, पण स्टार्ट होत नाही. स्कॅनर लावावा तर इंजिनाकडून उत्तरच येत नाही. आधीच्या गॅरेजनं गाडी ठेवून घेतली, दोन सेन्सर बदलून पाहिले आणि शेवटी मालकाला फोन केला, ‘ईसीएम गेलाय, नवा टाकावा लागेल.’ किंमत ऐकून मालक हबकतो, गाडी टो करून आणतो आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दुसरं मत विचारायला उभा राहतो.

उद्यमनगरचं नाव झालं ते ऑइल इंजिनं, फाउंड्री आणि लेथमुळं. त्याच गल्ल्यांत मोटारींच्या वायरिंगचं काम करणारी गॅरेजंही आहेत. त्यांतल्या एका गॅरेजवर हा लेख बेतला आहे. मालक पन्नाशी ओलांडलेले. हाताखालची पोरं आणि जुनी गिऱ्हाइकं त्यांना मामा म्हणतात. नाव छापून यायला नको म्हणाले, म्हणून इथंही मामाच. त्यांचं म्हणणं सरळ आहे. ‘ईसीएम हा शेवटचा संशयित. बाकी सगळं तपासून झाल्यावर उरला, तर तो. पण हल्ली कोड वाचता आला नाही की पहिलं नाव त्याचंच घेतात.’

मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण या डब्याच्या नावावर लोकांचे फार पैसे जातात. नवा ईसीएम बऱ्याच गाड्यांत पाच आकडी रकमेचा पडतो, महागड्या गाड्यांत सहा आकडीसुद्धा. गाडीवर पोट असलेल्या माणसाचा सीझन त्यात जातो. आणि अनेकदा तो डबा निर्दोष असतो.

ईसीएम म्हणजे इंजिन कंट्रोल मॉड्यूल. पातळ पुस्तकाएवढा अॅल्युमिनियमचा डबा, आत एक सर्किट बोर्ड आणि बाहेर एक-दोन मोठे कपलर. क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर, हवा, तापमान, अॅक्सिलरेटर अशा सगळ्यांकडून येणारी माहिती तो घेतो आणि इंजेक्टर, कॉइल, फ्युएल पंपाचा रिले यांना हुकूम देतो. त्याचं काम किती बारीक वेळेत चालतं बघा. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे मारत असेल, तर एका फेऱ्याला २० मिलिसेकंद लागतात आणि दर १० मिलिसेकंदांनी कुठल्या ना कुठल्या सिलिंडरात डिझेल किंवा पेट्रोल पेटवावं लागतं. क्रँकवरच्या दातेरी चक्रात पुष्कळदा साठ दातांची जागा असते आणि त्यांतले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. ती मोकळी जागा सेन्सरसमोरून गेली की इंजिन नेमकं कुठं आलंय हे ईसीएमला समजतं. हे समजलं नाही, तर तो इंजेक्टर उघडत नाही. सेल्फ कितीही मारा.

इतिहास थोडक्यात सांगतो. बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची यंत्रणा १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० गाडीत आली. १९७९ मध्ये त्याच कंपनीच्या मोट्रॉनिकनं बीएमडब्ल्यूच्या ७३२आय गाडीत इंजेक्शन आणि इग्निशन या दोन्हींचा कारभार एका डब्यात आणला. आपल्याकडं पद्मिनी आणि अॅम्बेसेडरच्या जमान्यात मिस्त्री पॉइंटची गॅप लावायचे आणि कार्बोरेटरचा स्क्रू कानानं जुळवायचे. २००० च्या सुमारास धुराचे नियम आवळले गेले आणि मारुती ८०० सारख्या गाडीलाही कार्बोरेटर सोडावा लागला. २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ आलं. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या कपलरला स्कॅनर जोडायचा आणि कोड वाचायचा, हे तेव्हापासून लहान गॅरेजांतही रुळलं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं, तेव्हा डब्यांची आणि सेन्सरांची संख्या आणखी वाढली.

स्कॅनर आल्यानं निदान सोपं झालं असं वाटतं. मामांच्या मते एका अर्थी अवघड झालं. कोड म्हणजे ईसीएमची तक्रार. ती खरी असते, पण दोष कुठं आहे ते त्यात लिहिलेलं नसतं. पी-०६०६ म्हणजे प्रोसेसरमधला दोष, पी-०६०१ म्हणजे मेमरीतला. असे कोड आले तर डब्याकडं बोट जातंच, पण बॅटरी मेलेली असताना किंवा अर्थ ढिला असतानाही असले कोड उमटू शकतात. यू-०१०० हा कोड गाडीतले बाकीचे डबे देतात. त्याचा अर्थ एवढाच, की ईसीएमशी बोलणं होत नाहीये. तो मेलाय, उपाशी आहे की मधली तार तुटलीये, ते माणसानं शोधायचं.

मामा सुरुवात बॅटरीपासून करतात. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खूप खाली जाता कामा नये. गेली, तर त्या क्षणी ईसीएम झोपतो आणि मग त्याच्याविषयी काही ठरवण्यात अर्थ नाही. आधी बॅटरी. त्यानंतर त्याचं खाणंपिणं. बहुतेक ईसीएमना तीन वाटांनी करंट येतो : एक बॅटरीकडून कायमचा, दुसरा चावी फिरवल्यावर आणि तिसरा मेन रिलेतून. मेन रिले खुद्द ईसीएमच ओढतो. चावी फिरवली आणि चेक लाइट लागलाच नाही, मेन रिलेची टिकही ऐकू आली नाही, तर तो जागा झालेला नाही. का जागा झाला नाही, हा पुढचा प्रश्न.

इथं मामा मल्टीमीटर बाजूला ठेवतात आणि वायरी जोडलेला इंडिकेटरचा साधा २१ वॅटचा बल्ब काढतात. हे मी जवळून पाहिलं. ईसीएमचा कपलर काढलेला. पॉझिटिव्हच्या पिनेला मीटर लावला तर १२.४ व्होल्ट, म्हणजे सगळं छान. तिथंच बल्ब लावला तर तो तांबूससुद्धा पेटला नाही. कपलरच्या मागं हातभर अंतरावर हार्नेसची टेप सोलली तेव्हा कारण दिसलं. वायर आतून हिरवी पडून कुजली होती आणि तांब्याची एखादीच तार शाबूत होती. मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही, म्हणून त्या एका तारेतूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, तेवढा त्या तारेतून जात नाही. ‘मीटर खोटं बोलत नाही, पण त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा असतो,’ मामा म्हणाले. या एका चाचणीनं कित्येक ईसीएम वाचतात. मात्र बल्ब फक्त सप्लाय आणि अर्थच्या पिनांना आणि तोही कपलर डब्यापासून काढूनच लावायचा. सिग्नलच्या वायरीला लावला, तर धडधाकट ईसीएम आपल्याच हातानं जळू शकतो.

अर्थिंगचंही तसंच. गाडीच्या बॉडीला अर्थ आहे, इतकं पुरत नाही. कपलर जागेवर, चावी चालू, मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर आणि दुसरं ईसीएमच्या अर्थ पिनेवर मागच्या बाजूनं टेकवलेलं. तिथं ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर मधे कुठंतरी गंज, रंग किंवा ढिला बोल्ट आहे. अपघातानंतर डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाड्यांत हे फार सापडतं. अर्थचा बोल्ट रंगावरच कसलेला असतो.

कागलहून आलेल्या एका पेट्रोल हॅचबॅकची तपासणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायला मिळाली. मालक शाळेत शिक्षक. ‘ईसीएम गेलाय’ हा निकाल त्यांना आधीच मिळाला होता. बॅटरी ठीक. सप्लायवर बल्ब लख्ख. अर्थ चोख. मग मामांनी बॅटरी सोडवून ओबीडी कपलरच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमधला रोध मोजला. या दोन पिनांतून कॅनच्या दोन तारा जातात. गाडीतले बरेचसे डबे याच जोडीवर बोलतात. या रचनेवर बॉशनं १९८३ मध्ये काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये ती जगासमोर मांडली. जोडीच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध असतात, त्यामुळं मधे ६० ओहम दिसायला हवा. दिसला. १२० आला असता तर एक टोक तुटलंय हे कळलं असतं. शून्य आला असता, तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात.

बॅटरी परत जोडली, चावी चालू केली आणि अॅक्सिलरेटरच्या पेडलपाशी ५ व्होल्टची वायर तपासली. ईसीएम बॅटरीच्या बारा व्होल्टमधून स्वतः स्वच्छ ५ व्होल्ट तयार करतो आणि सेन्सरांना वाटतो. मीटरवर आकडा आला ०.३. आता खरी गोष्ट सुरू झाली. दोनच शक्यता होत्या : एक तर ईसीएम ५ व्होल्ट बनवत नाही, नाहीतर बनवतो आणि कुठलातरी सेन्सर ती लाइन जमिनीला ओढतो. काही गाड्यांत ही लाइन बसली की ईसीएम स्कॅनरशी बोलणंही सोडतो. मामांनी मीटर तसाच लावून ठेवला आणि हाताखालच्या पोराला एकेक सेन्सरचा कपलर काढायला सांगितलं. थ्रॉटल, काही नाही. मॅप सेन्सर, काही नाही. पोरगं बंपरच्या जाळीत हात घालून एसीच्या कंडेन्सरजवळचा प्रेशर सेन्सर काढायला गेलं. कपलर निघाल्याक्षणी आकडा ०.३ वरून ५.०१ वर गेला. स्कॅनर बोलायला लागला. सेल्फ मारला, गाडी सुरू.

एसीच्या सेन्सरमुळं इंजिन बंद पडेल, हे गुरुजींना पटेना. त्यांना तो कपलर दाखवला. आत पाणी शिरून पिना हिरव्या झाल्या होत्या. सेन्सर आणि कपलर बदलायला जो खर्च आला, तो ईसीएमच्या सांगितलेल्या किमतीपुढं किरकोळ होता. आधीच्या गॅरेजला मी बेइमान म्हणणार नाही. त्यांच्याकडं या गाडीचा वायरिंग डायग्राम नव्हता. ५ व्होल्टच्या लाइनवर कोण कोण बसलंय हे ठाऊक नसेल, तर एसीच्या सेन्सरपर्यंत पोचणार कसं?

आता खरोखर गेलेले ईसीएम. ते जातात, आणि कोल्हापूर-सांगलीकडं त्यांचा मोठा मारेकरी पूर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी वस्त्यांत शिरलं, महामार्ग बंद पडला आणि पार्किंगमधल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. ईसीएम काही गाड्यांत बॉनेटखाली बॅटरीशेजारी असतो, काहींत डॅशबोर्डखाली पायापाशी. डबा सीलबंद असला तरी पाणी वाट काढतं. गरम डबा थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. वायरीच्या तांब्याच्या तारांमधल्या फटींतूनही ते सरकत सरकत कपलरपर्यंत येतं. आणि आत शिरलेल्या पाण्याला बॅटरीचा करंट मिळाला, की तांबं विरघळायला लागतं. म्हणून पुरातल्या ईसीएममध्ये सगळ्यांत आधी खाल्ली जाते ती कायमच्या पॉझिटिव्हची पिन. मामांनी असा एक कपलर जपून ठेवलाय. शेजारच्या पिना नुसत्या काळवंडलेल्या आहेत. त्या एका पिनेच्या जागी मात्र हिरवट भुकटी आणि भोक.

त्यामुळं पुरातून निघालेल्या गाडीची चावी फिरवून ‘चालू होतेय का बघू’ असं कुणीही करू नये. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवायची, मग बाकीचं. २०२१ च्या पुरानंतर गॅरेजवर ज्या गाड्या आल्या, त्यांत लगेच केबल सोडवलेल्यांचे डबे पुष्कळदा धुऊन, वाळवून, पिना साफ करून वाचले, असा मामांचा अनुभव आहे. चावी फिरवून बघितलेल्यांचे क्वचितच.

दुसरे मारेकरी आपणच पाळलेले असतात. जंप स्टार्ट करताना उलटी लावलेली केबल. बॅटरी न सोडवता बॉडीवर केलेलं वेल्डिंग. इंजिन चालू असताना काढलेली बॅटरीची केबल, ज्यानं अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर कितीतरी पटींनी उसळतो. सीएनजी किट बसवताना तोडून टेपनं गुंडाळलेल्या इंजेक्टरच्या वायरी. स्वस्तातला हॉर्न, लाइट, अलार्म, ज्याला करंट मिळेल त्या वायरीतून घेतलेला. आणि उसाच्या पट्ट्यात उंदीर. हार्नेस कुरतडला की दोन नागड्या वायरी एकमेकींना टेकतात आणि आतला ड्रायव्हर जळतो.

हा ड्रायव्हर म्हणजे इंजेक्टर किंवा कॉइलचा करंट चालू-बंद करणारा बोर्डावरचा छोटा भाग. तो जळला की तो एकच सिलिंडर मरतो, बाकीची गाडी चालते. इथं घाई फार महाग पडते. ड्रायव्हर बहुधा आपसूक जळत नाही. कॉइल आतून शॉर्ट झालेली असते, ती त्याला जाळते. कॉइल न तपासता नवा ईसीएम बसवला, तर पहिल्याच सेल्फला तोही त्याच जागी जळतो. मामांच्या टेबलावर एकाच गाडीचे असे दोन डबे शेजारी पडले होते. दोन्हींवर एकाच कोपऱ्यात काळा डाग. पहिला कशानं मेला ते न शोधता दुसरा बसवणं याला दुरुस्ती म्हणता येत नाही.

डबा उघडणं हे वेगळंच कसब. झाकण चिकट सीलंटनं बंद केलेलं असतं. ते गरम करून, पातळ पात्यानं, बोर्डाला ओरखडा न पाडता सोडवावं लागतं. काही डब्यांत बोर्डावर पारदर्शक जेल ओतलेली असते आणि तिच्याखाली केसांहून बारीक तारा. तिथं बोट लागलं तरी काम संपलं. आत सापडतं काय? तडकलेला सोल्डर, कारण बोर्ड रोज तापतो आणि थंड होतो. जुन्या डब्यांत गळलेले कपॅसिटर. जळलेला ड्रायव्हर किंवा गंजलेल्या वाटा. सुटे भाग पुण्याच्या बुधवार पेठेतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवतात. प्रोसेसरच गेला असेल, तर दुरुस्तीच्या फंदात न पडता डबा बदलायचा.

बदलायचा म्हणजे भंगारातून तशाच दिसणाऱ्या गाडीचा आणून लावायचा, असं अनेकांना वाटतं. आधी लेबल वाचावं लागतं. बॉशच्या डब्यांवर ०२८१ नं सुरू होणारा नंबर डिझेलचा, ०२६१ नं सुरू होणारा पेट्रोलचा. त्यापुढचे आकडेही जुळायला हवेत. दोन डबे दिसायला सारखे असतात, आतलं सॉफ्टवेअर वेगळं असतं. नंबर जुळले तरी गाडी सुरू होणार नाही, कारण मधे इमोबिलायझर आहे. चावीच्या डोक्यात चिप असते, तिची ओळख गाडीत नोंदलेली असते आणि त्या ओळखीची एक बाजू ईसीएममध्ये लिहिलेली असते. परक्या गाडीचा डबा ही चावी ओळखत नाही. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह चमकत राहतं.

उपाय तीन. अधिकृत वर्कशॉपमधून कोरा डबा घेऊन तिथंच तो गाडीशी जुळवायचा. किंवा जुन्या डब्यातली माहिती वाचून ती दुसऱ्यात उतरवायची, ज्याला गॅरेजच्या बोलीत क्लोन करणं म्हणतात. किंवा वापरलेल्या डब्यातली आधीच्या गाडीची ओळख पुसून तो व्हर्जिन करायचा आणि नव्यानं शिकवायचा. जुन्या डब्यांत ही माहिती आठ पायांच्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये असते. ती गरम हवेनं काढून वाचता येते. नव्यांत ती प्रोसेसरच्या पोटातच कुलूपबंद असते. लिहिण्याचं काम चालू असताना व्होल्टेज हलता कामा नये. त्यासाठी मामा गाडीच्या बॅटरीवर विसंबत नाहीत, स्थिर पॉवर सप्लाय जोडतात. अर्ध्यात लाइट गेली तर डबा कायमचा मुका होऊ शकतो, म्हणून इन्व्हर्टरही.

ज्या हत्यारांनी क्लोन करता येतं, त्याच हत्यारांनी चोरीच्या गाडीला नवी चावी शिकवता येते, धूर गाळणारा फिल्टर सॉफ्टवेअरमधून ‘डिलीट’ करता येतो. गाडीचं आरसी बुक आणि मालकाचं ओळखपत्र बघितल्याशिवाय मामा चावीचं काम घेत नाहीत. फिल्टर डिलीट करून मागणाऱ्याला परत पाठवतात. असं सगळीकडं होत नाही, आणि पैसे घेऊन फिल्टर काढून देणाऱ्यांविषयी माझ्या मनात जराही सहानुभूती नाही. तो धूर शाळेत जाणाऱ्या पोरांच्या छातीत जातो.

पण या गैरवापराचं कारण पुढं करून प्रामाणिक गॅरेजांना माहितीच द्यायची नाही, हे मान्य करता येत नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणं, हा त्यातला आक्षेप होता. प्रकरण पुढं अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारींचं क्षेत्रही आहे. उद्यमनगरात मात्र आजही वायरिंग डायग्राम मिळतो तो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर, कुणीतरी फोटो काढून टाकलेला, अर्धा अस्पष्ट. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम करून आलेलं पोरगं हुशार असतं, पण समोरच्या गाडीच्या ईसीएमची चाळीस नंबरची पिन कशाची, हे त्याला कुठल्या अधिकृत जागी बघता यावं? गुरुजींची गाडी या एका कागदासाठी अडली होती.

डबा बसला की काम संपत नाही. कॉमनरेल डिझेलमध्ये प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर एक कोड छापलेला असतो. तो त्या त्या सिलिंडरच्या नावे नव्या ईसीएममध्ये भरावा लागतो, नाहीतर इंजिन खडखडतं आणि धूर सोडतं. थ्रॉटलची शिकवणी करावी लागते. चासिस नंबर लिहावा लागतो. मग गाडी तापेपर्यंत फिरवून आणायची आणि कोड पुन्हा वाचायचे.

मामा बिलावर काही गोष्टी हातानं लिहून देतात आणि त्या प्रत्येक गाडीमालकानं कुठल्याही गॅरेजकडं मागाव्यात : ईसीएमच्या सप्लायवर बल्ब पेटला का, अर्थवर किती व्होल्ट आले, ५ व्होल्टच्या लाइनवर किती. शिवाय जुना डबा कशानं मेला, ते एका ओळीत. हे लिहून द्यायला पाच मिनिटं लागतात. जुना डबाही ते गाडीबरोबर परत देतात, पिशवीत घालून, वर गाडीचा नंबर टाकून. नवा कधी बिघडलाच, तर मूळ चावीची ओळख अजून त्याच जुन्या डब्यात असू शकते.